जपानचं आवतण

हंबीरराव सुभेदार जपानहून दुसरी बायको करून आणणार, ही बातमी सिद्धूच्या सलूनमध्ये सकाळी एका अर्ध्या दाढीवर सुरू झाली आणि दाढी पुरी व्हायच्या आत दूध डेअरीपर्यंत पोचली. संध्याकाळी तिला पोरंबाळंही झाली. कुणी म्हणालं फोटो आलाय, कुणी म्हणालं बाई येताना ऊस तोडायचं मशीन घेऊन येणार आहे, आणि एका म्हातारीनं तर घरी जाऊन राहीबाईंनाच विचारलं की सवत आल्यावर तुमी मागच्या खोलीत ऱ्हाणार का म्होरच्या.

"येऊ द्या की," राहीबाई म्हणाल्या. "भांडी घासायला तेवढाच एक हात."

तर ही बातमी साफ खोटी. हंबीररावांना जो ओळखतो त्यानं ती एका कानानंही ऐकायला नको होती. दुसरं लग्न म्हणजे काहीतरी करून दाखवणं आलं, आणि हंबीरराव फक्त जाहीर करतात. आणखी एक दुरुस्ती इथंच उरकून घेते: ते सुभेदारही नाहीत. हवालदार म्हणून रिटायर झाले. गेटवरची पाटी रंगवताना पेंटरनं नावापुढं काय लिहू म्हणून विचारलं, तेव्हा हे म्हणाले, "रंग उरतोय न्हवं? मग सुभेदारच लिव." सगळी नोकरी स्टोअरमध्ये ब्लँकेटं मोजण्यात गेली. पण बोलायला बसले की असं वाटावं, सरहद्द ह्यांनी एका हातानं धरून ठेवली होती आणि दुसऱ्या हातानं चहा पीत होते.

खरी गोष्ट एवढीच की ते जपानला 'कल्चर' बघायला निघाले होते. हा शब्द ते आधी तोंडात जरा घोळवतात, छाती भरून घेतात आणि मग परेडच्या हुकुमासारखा सोडतात. "कल्लचर बगायचं आसंल तर जपान. बाकी सगळे देश म्हंजी बाजार." बाकीचे देश त्यांनी कुठं बघितले, हे विचारायची पद्धत आमच्या गावात नाही. विचारलं तर उत्तर ऐकावं लागतं.

हे कल्चर त्यांना चावलं मिरजेच्या स्टेशनात. गुडघा दाखवायला गेले होते. डॉक्टर म्हणाले जिने चढू नका, घरी आल्यावर त्याचं झालं, "डॉक्टर म्हनला, गोळी लागली हुती काय कवा?" परतीच्या गाडीची वाट बघताना शेजारी बाकड्यावर एक जपानी माणूस बसलेला, तान्हं बाळ मांडीवर घ्यावं तसा तंबोरा घेऊन. शिगेरू त्याचं नाव. मिरजेत तंबोरे करणाऱ्या कारागिरांकडं तो शिकायला येऊन-जाऊन असायचा आणि त्याला मोडकंतोडकं हिंदी यायचं. हंबीररावांचंही हिंदी मोडकंतोडकंच आहे, फक्त मोठ्या आवाजातलं. दोघांचं जमलं.

शिगेरू निघाला होता पुण्याला. गाडी रहिमतपूरला थांबल्यावर हंबीररावांनी त्याला तंबोऱ्यासकट खाली उतरवला. तो बिचारा सांगत होता की पुण्यात कुणीतरी वाट बघतंय. हे म्हणाले, पुणं कुटं पळून जातंय, खाना खाके जाव. त्याला गावात आणला, फेटा बांधला, टॉवेल-टोपी-नारळ दिला आणि मटणाच्या ताटावर बसवला. राहीबाईंनी पहिली भाकरी वाढली, दुसरी वाढली. तिसरीला त्यानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले आणि मान खाली घालून "बस, बस" म्हणाला. राहीबाईंनी त्याचे हात अलगद बाजूला केले आणि भाकरी ठेवली. परत हात, परत भाकरी. शेवटी तो डोळ्यांत पाणी आणून जेवला. ते रश्श्याचं होतं की पोटाचं, देव जाणे.

दोन दिवसांनी त्याला सोडला तेव्हा स्टेशनात तो कंबरेत वाकला आणि म्हणाला, आप भी हमारे घर आना.

आता स्टेशनावर असं कोण म्हणत नाही? आपण विम्याच्या एजंटालाही 'परत या हं' म्हणतो, आणि तो खरंच आला तर मागच्या दारानं रानात जातो. पण हंबीररावांच्या डोक्यात ते शब्द जाऊन बसले ते आवतण म्हणूनच. गाडी सुटली, आणि स्टेशन ते घर भेटेल त्याला सांगत आले, "जपानचं आवतान आलंय. प्रोग्राम फिक्स."

त्यांचे फिक्स झालेले प्रोग्राम सगळं गाव ओळखून आहे. इमू पाळायचे फिक्स झाले होते; शेड उभं राहिलं, त्यात आता कडबा आहे. गावाला सीसीटीव्ही बसणार होता. खांब तेवढा पुरला, त्याला म्हशी अंग घासतात. एकदा तर चौकात उभं राहून सांगितलं होतं की पुढच्या गणपतीला हेलिकॉप्टरमधून फुलं पडणार. पडला तो पाऊस, आणि हे म्हणाले, "वरनं काय तरी पडलं का न्हाई?"

ह्या सगळ्याला लोक हसतात. राहीबाई हसत नाहीत, कारण पहिला प्रोग्राम त्यांचा होता. लग्न झालं तेव्हा हंबीरराव जालंधरला होते. तिकडं नेतो म्हणाले. मग जोरहाट आलं, मग भोपाळ, आणि दर वेळी राहीबाई म्हशीखालून उठून विचारायच्या आणि हे सांगायचे, पुढच्या पोस्टिंगला क्वार्टर मिळतंय. पुढची पोस्टिंग संपून पेन्शन आली. राहीबाईंचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे जेजुरी, तोही टेम्पोत, उभ्यानं. म्हणून जपानचं ऐकल्यावर त्यांनी भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून सांगितलं:

"आवं, ह्या बारीला न्हाई नेलंसा, तर मी इश्रामबागंला संयोगिताकडं जाईन ती परत यायची न्हाई. जपान न्हाई तर इश्रामबाग. कुटं तरी जाणार म्हंजी जाणार."

संयोगिता ही त्यांची मुलगी, सांगलीत विश्रामबागेत दिलेली. राहीबाई उगीच बोलणाऱ्यातल्या नाहीत. त्या घरात बोलायचं खातं दुसऱ्याकडं आहे.

हंबीररावांनी विश्रामबागेतच निमिष नावाचा एक ट्रॅव्हल एजंट गाठला. काचेचं ऑफिस, आत गार हवा, भिंतीवर गुलाबी फुलांचं झाड, आणि निमिषच्या तोंडात दर वाक्याला 'बेसिकली'. 'बेसिकली बसा ना काका.' 'बेसिकली पाणी घेणार?' स्वतः बँकॉकच्या पुढं कधी गेला नाही, पण जपानबद्दल असा बोलतो जणू तिथला राजा ह्याचा मावसभाऊ. त्यानं सात शहरांची सहल पुढं ठेवली. आपला आचारी बरोबर, रोज संध्याकाळी वरणभात, शनिवारी साबुदाण्याची खिचडी.

"वरनभात खायाला मला इमान लागत न्हाई," हंबीरराव म्हणाले. "हाटेलात झोपून कल्लचर कळतंय व्हय? मानूस कळतो तो पंगतीला. आमी पावनं म्हणून जाणार."

पूर्ण आयुष्यात ते एवढं एक शहाणपणाचं बोलले असतील, तेही सहल महाग वाटली म्हणून.

निमिषनं मग समजावून सांगितलं की पाहुणे म्हणून जायचं तर बेसिकली त्या जपानी मित्रानं हे लोक माझ्या घरी उतरणार आहेत असं कळवलं पाहिजे. त्याशिवाय व्हिसाचं पुढं सरकणार नाही. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, तो म्हणाला. जपानी माणूस एकदाच विचारतो. आपल्यासारखा आग्रह तिकडं नसतो. तुम्ही नको म्हणालात की विषय बेसिकली संपला.

हे वाक्य हंबीररावांनी झेललं आणि घरी आणलं. आणि दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर राहीबाईंचं ट्रेनिंग सुरू झालं.

इथं बाहेरच्या माणसाला जरा समजावून सांगायला हवं. आमच्याकडं 'नको' म्हणजे नको नसतं. पहिलं 'नको' म्हणजे पायपुसणं. त्यावर पाय पुसल्याशिवाय कुणी आत येत नाही. दुसरं 'नको' म्हणजे घरच्या बाईला चूल पेटवायला दिलेला वेळ. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस 'बरं, अर्धा कप द्या' म्हणतो आणि मग दोन कप पितो. जो पहिल्याच हाकेला 'हो' म्हणेल तो हावरट. त्याच्या घरात मुलगी द्यायच्या आधी लोक दोनदा विचार करतात. राहीबाई अशा मुशीतल्या. त्यांना भर उन्हात पाणी विचारलं तरी त्या आधी "नगं, आत्ताच प्याले" म्हणणार.

त्यांना हंबीरराव पहिल्या फटक्यात 'व्हय' म्हणायला शिकवायला लागले. स्वतः जपानी व्हायचे. हात मांडीला चिकटवून कंबरेत वाकायचे, गुडघा काडकन वाजायचा, आणि तशाच वाकलेल्या आवाजात विचारायचे, "चाय?"

"नगं, आत्ताच झाला."

"नो! हुकूम काय हाय? एकदाच इचारनार मी. जपानी हाय मी."

"जपानी आसला तर लुंगी सावरा आदी."

बघायला आम्ही सगळी जमायचो. मग गावालाच नाद लागला. राहीबाई डेअरीत आल्या की कुणीतरी वाकून चहा विचारायचं, दळणाला गेल्या की गिरणीवाला बसायला विचारायचा, आणि त्या 'नगं' म्हणाल्या की सगळे एका आवाजात "इषय संपला" म्हणून ओरडायचे. बाई रडकुंडीला आल्या. पण जिद्दीला पेटल्या, कारण जपानला जायचं ते त्यांना होतं. हंबीररावांना फक्त सांगायचं होतं.

आणि एक दिवस जमलं. जमलं ते इतकं जमलं की धोका झाला. एका बारशाला त्यांना लाडू विचारला, त्या 'व्हय' म्हणाल्या. पुन्हा विचारला, पुन्हा 'व्हय'. वाढणारीचा चेहरा बघण्यासारखा होता. तिनं तिसऱ्यांदा विचारलंच नाही. बाजारात भाजीवाला सवयीनं म्हणाला, "आजून टाकू का मावशी?" ह्या म्हणाल्या, टाक. त्या घरात आठवडाभर दोडका शिजला. हंबीरराव तो खात होते आणि सिद्धूकडं जाऊन सांगत होते, "मिसेस आता जपानसाठी रेडी हाय. सेंट परसेंट."

मग तो रविवार आला. शिगेरूनं व्हिडिओ कॉल करतो म्हणून कळवलं होतं, आणि हंबीररावांनी ते माईकवरून पुकारायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. ओसरी भरली. हंबीरराव वर इस्त्रीचा शर्ट, छातीवर बिल्ला, खाली लुंगी अशा पोशाखात खुर्चीवर. राहीबाई बाजूला नव्या पातळात, तोंडात 'व्हय' तयार ठेवून. फोन खांबाला टेकवला. पलीकडं शिगेरू दिसला, त्याच्या मागं भिंतीला तंबोरे, आणि कोपऱ्यात एक लहानशी म्हातारी, त्याची आई. चौघंही एकमेकांना वाकले. शिगेरूनं विचारलं गुडघा कसा आहे, ऊस कसा आहे. मग तो जरा थांबला, आणि ज्यासाठी सगळं गाव गोळा झालं होतं ते म्हणाला:

"हंबीर साहब, आप जापान आओ तो हमारे घर रहो. घर छोटा है."

राहीबाई पुढं सरकल्या. पण विचारलं होतं हंबीररावांना. आणि हंबीररावांच्या तोंडातून, इतक्या दिवसांच्या ट्रेनिंगवरून उडी मारून, सात पिढ्यांचा पाहुणा बाहेर पडला.

"अरे नहीं नहीं," ते म्हणाले. "तकलीफ कायको? हम कहीं भी सो जायेगा."

"अच्छा," शिगेरू म्हणाला. आणि तंबोऱ्याच्या तारांबद्दल बोलायला लागला.

कॉल संपला. शेवटी सिद्धू उठला, चपला घालत म्हणाला, "सुभेदार, इषय संपला की. बेसिकली."

लोक हसत हसत घरी गेले. राहीबाईंनी पातळ बदललं, धारा काढल्या, रात्रीचं जेवण वाढलं आणि मग एवढंच म्हणाल्या की फोन लावा, चुकून बोललो म्हणा, येतो म्हणा. दोन शब्दांचं काम.

"म्या फोन लावू?" हंबीरराव म्हणाले. "आवतान मागून घिऊ? भिकारी हाय का म्या? घरंदाज मानूस आसंल तर त्यो पुन्ना इचारंल. तीनदा इचारल्याबिगर आवतान खरं न्हवंच."

"निमिष म्हनला एकदाच इचारत्यात."

"निमिषला काय कळतंय? त्यो बँकाकला गेला आन् पोट धरून आला."

ही तीनदाची थिअरी त्यांनी त्या क्षणी, आमटीचा वाडगा हातात असताना तयार केली, हे मी, मधल्या भिंतीपलीकडची शेजारीण, शपथेवर सांगते; त्याआधी महिनाभर ते उलटंच शिकवत होते. पण एकदा तोंडातून बाहेर पडली की त्यांची कुठलीही गोष्ट त्यांना स्वतःला खरी वाटते. सकाळच्या पॅसेंजरनं राहीबाई विश्रामबागेला गेल्या. जाताना म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. नवऱ्याकडं बघितलंही नाही.

मग हंबीरराव आणि त्यांचा मान, दोघं घरात राहिले. मानाला भाकरी येत नव्हती आणि हंबीररावांना तर त्याहून येत नव्हती. चुलीवर काहीतरी काळं व्हायचं, ते कुत्र्याला टाकायचं, कुत्रं हुंगून शेजारी जायचं. गावात मात्र ताठ. डेअरीत कुणी विचारलं, सुभेदार, जपानचं कुठवर आलं, तर म्हणायचे, "त्येंचा इचार चाललाय. मोटी मानसं हायती, टाइम लागतो." मोबाईल वाजला की दचकायचे. बहुतेक वेळा तो ऊसतोडीच्या मुकादमाचा असायचा, आणि त्या मुकादमानं त्या दिवसांत जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या आख्ख्या सीझनला खाल्ल्या नसतील.

आणि एका सकाळी, किटलीतलं दूध मोजून देत असताना, खरंच आवाजाचा मेसेज आला. त्यांनी तो डेअरीच्या दारातच मोठ्यानं लावला. शिगेरू म्हणत होता, "साहब, माँ पूछती है. आप सच में हमारे घर नहीं रहोगे?"

आम्ही सगळे 'हो म्हणा, हो म्हणा' करून मागं लागलो. डेअरीच्या चेअरमननं वजन करायचं थांबवलं. हंबीररावांनी बटण दाबलं, घसा खाकरला. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे सुख होतं ते बघून मला कळलं की आता हे काहीतरी वंगाळ करणार.

"माताजी को नमस्ते," ते म्हणाले. "नहीं नहीं. उनको क्यों तकलीफ."

सिद्धूनं कपाळाला हात लावला. चेअरमन म्हणाला, "आवं सुभेदार, बायको तिकडं इश्रामबागंला बसलीया, आन् तुमी हितं मान खाताय व्हय?" हे म्हणाले, तिसरं यायचं हाय अजून.

तेव्हा मी म्हणाले, येत नाही. काय लावता?

माझ्याकडं त्यांनी खालपासून वरपर्यंत बघितलं. त्यांची नक्कल मी बायकांच्यात करते हे त्यांना ठाऊक होतं; डोहाळजेवणाला माझा तो आयटम मागून घेतात. "तिसरं आवतान आलं," ते म्हणाले, "तर आमी जपानला जाऊन परत येस्तवर तुज्या तोंडातनं माजा आवाज बाहीर यायचा न्हाई. न्हाई आलं, तर काय तुला पायजे त्ये बोल."

मी म्हणाले, नाही आलं तर गेटवरची पाटी खरवडायची. हवालदार लिहायचं.

ती पाटी खोटी आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांच्या तोंडावर ते आजपर्यंत कुणी बोललं नव्हतं. हंबीररावांचे कान लाल झाले. मग म्हणाले, "लागली."

त्यानंतर मी खुशाल होते. पेंटरला जाऊन रंगाचं विचारूनही आले. ज्या माणसाला दोनदा नाही म्हणून सांगितलंय, तोही परदेशातला, शहाणासुरता, त्याला तिसऱ्यांदा विचारायला काय वेड लागलंय? निमिषलाही मी फोन करून विचारलं. तो म्हणाला, बेसिकली चान्सच नाही.

चान्स आला तो भर दुपारी. हंबीरराव ओसरीवर एकटेच होते. त्यांनी कुणालाच बोलावलं नव्हतं, कारण आतून त्यांनाही भरवसा नव्हता. मोबाईल वाजल्याचं ऐकून मी भिंतीवरून डोकावले. पडद्यावर ती म्हातारी, एकदम जवळ, एवढी जवळ की नाकच दिसत होतं. तिनं फोन फिरवून एक खोली दाखवली. तंबोरे एका बाजूला सरकवले होते आणि जमिनीवर दोन गाद्या घातल्या होत्या. ती तिच्या भाषेत बराच वेळ बोलली आणि मग शिगेरूनं सांगितलं:

"माँ को मैंने बताया, आपके घर में मैंने कितनी बार 'बस' बोला, फिर भी भाकरी मिली. तो माँ बोली, उधर के लोग का 'नहीं' सच नहीं होता. तीन बार पूछना पड़ता है. अब तीसरी बार है. आप घर में रहो."

म्हणजे बघा. इकडं हे जपान्यांसारखं वागायला शिकत होते आणि तिकडं ती म्हातारी आपल्यासारखं. ह्यात हंबीररावांचा मान, घरंदाजपणा, थिअरी असलं काही नव्हतं. होती ती राहीबाईंची भाकरी. आणि ती भाकरी वाढणारी विश्रामबागेत बसली होती.

हंबीरराव उठून उभे राहिले. मला वाटलं आता हे छाती भरणार. पण त्यांनी नुसतं "हां जी" म्हटलं. त्या आवाजात फौज नव्हती, पाटी नव्हती, काहीच नव्हतं. मी त्यांचे सगळे आवाज घोटलेत. हा मला अजून जमलेला नाही.

पुढच्या मिनिटाला मात्र ते मूळपदावर आले. राहीबाईंना फोन लावून हुकूम सोडला, "प्रोग्राम फिक्स. उद्याच्या गाडीनं ये."

"नगं," राहीबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. "नगं. हितं बरं हाय. नळाला पाणी हाय."

तिसऱ्या दिवशी हंबीरराव स्वतः पॅसेंजरमध्ये बसले. संयोगिता तिसऱ्या मजल्यावर राहते आणि तिथली लिफ्ट बंद होती. पुढचं सगळं संयोगितानं सांगितलंय, आणि ती बापावर गेलेली नाही, म्हणून मी खरं मानते. दारात उभे राहिले, टोपी हातात, गुडघा धरलेला, धापा टाकत. राहीबाई चहा पीत होत्या. त्यांनी चहा संपवला, कप विसळून पालथा घातला.

"चलतीस न्हवं?" हंबीररावांनी विचारलं.

"व्हय म्हनू का नगं म्हनू?" राहीबाई म्हणाल्या. "काय शिकिवलंसा तुमी मला?"

आणि पिशवी उचलली.

आता व्हिसा झालाय, तिकिटं झालीत, ऊस गेला की निघणार आहेत. हंबीरराव सलूनमध्ये बसून सांगतात की जपानचं कल्चर आपल्याला आधीपासून पाठ होतं, तीनदा विचारणं ही तिकडची फार जुनी चाल आहे. लोक ऐकून घेतात. निमिषही हल्ली गिऱ्हाइकांना सांगतो, बेसिकली जपानी माणूस तीनदा विचारतो. राहीबाईंनी बारा भाकऱ्यांचं पीठ बांधून घेतलंय आणि त्या कुणाला काहीच सांगत नाहीत.

पैज मी हरले. ती हंबीररावांनी अशी वसूल चालवलीय की रोज संध्याकाळी आमच्या दारावरून जातात, चार माणसं बरोबर बघून थांबतात, आणि गुडघा काडकन वाजवून विचारतात, "काय गं, कसा बोलतो मी? दाव की जरा." आणि मला गप बसावं लागतं, जीभ दातांखाली धरून, ते दोघं परत येईपर्यंत. तोंडातून आवाज काढायचा नाही, असं ठरलं होतं. लिहायचं काही ठरलं नव्हतं.